धागा तुटला की

गाडी घेतली दोन हजार सातला,
नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंकडून.
पांढरी क्वालिस, एक लाख बारा हजार फिरलेली,
मागच्या काचेवर त्यांच्या मुलाच्या शाळेचं स्टिकर तसंच.
अमळनेरात शिरताना बोरीच्या पुलावर
पुढे कुणी नसताना मी हॉर्न वाजवला.

आप्पा ओट्यावर बसलेले.
सुपडू जॉबर. एकतीस वर्षं विणाई खात्यात,
दोन्ही कान तिथेच ठेवून आलेले.
किंमत विचारली नाही, ॲव्हरेज विचारलं नाही,
चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळवा टेकवून
डोळे मिटून उभे राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले, 'बरी शे.'

छब्बू तडवी मिस्त्री. पुण्याला आठ दिवसांचं
ट्रेनिंग करून आलेला, तेवढ्यावर आयुष्यभर बोलणारा.
त्यानं सांगितलं :
ही कंपनी आधी माग करायची.
कुणी सुताराचा पोरगा म्हणे, आईला विणताना बघायचा.
त्यानं पुढे असा माग केला
की धागा तुटला की आपोआप थांबायचा.
त्या मागाचा हक्क इंग्रजांना विकला,
आणि त्याच्या पोरानं मोटारी करायला घेतल्या.

घरी आलो, आप्पांना हे वहीत लिहून दिलं.
ते एका शब्दावर बोट ठेवून थांबले.
'आपोआप?'
मी मान हलवली.
'मंग एक मानूस कितला माग देखे?'
पंचवीस-तीस, मी बोटं दाखवली.
आप्पा मोजायला लागले, स्वतःच्याच रांगेतले,
पुंजू, लोटन, झिपरू, यासीन, लोटनचा धाकला...
बोटं संपली. परत अंगठ्यापासून धरली.
'मंग या बठा काय करतीन?'

मी काय सांगणार.
आमची मिल बंद पडली तेव्हा
कुठलाच धागा तुटलेला नव्हता.

गाडीनं मात्र घर चालवलं.
लग्नं, साखरपुडे, चोपड्याचे केळीवाले दलाल,
सातच्या जागी अकरा आणि टपावर गाद्या.
मे महिन्यात एसी फक्त आवाज करायचा.
मंगळवार-शुक्रवार धुळ्याला डायलिसिसचे पेशंट,
मागच्या सीटवर पाय दुमडून झोपणाऱ्या विमलताई
उतरताना दारावर थाप मारायच्या :
'त्या मशीनपेक्षा ही मशीन बरी, सुई टोचत नाही.'
एका शुक्रवारी त्या आल्या नाहीत.
मी नेहमीच्या जागी वीस मिनिटं थांबलो, इंजिन चालू ठेवून.

एकदाच दगा दिला, फागण्याच्या अलीकडे, रात्री अडीचला.
तिनं नाही, मी.
काटा लालवर गेलेला आणि मी मोबाईलवर
कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होतो.
हेड गेलं. एकवीस हजार.
छब्बू म्हणाला, गाडी सांगत होती, तू ऐकलं नाहीस.
वहीत हेही लिहून दाखवलं.
आप्पा हसले नाहीत. 'मागबी पहिले सांगे.'

मग पासिंग संपलं.
किलोमीटरचा आकडा दोन वर्षांपासून
चार लाख एक्क्याण्णव हजार तीनशे सहावर अडकलेला,
त्यापुढचं कुणी मोजलं नाही.
धुळ्याचा भंगारवाला आला, सोबत क्रेन,
नोटा त्यानं ओट्यावरच मोजायला घेतल्या.

आप्पा काठी टेकत उतरले.
हातानं खूण केली : चालू कर.
मी किल्ली फिरवली. तिसऱ्या वेळेला धरलं तिनं.
तोच तळवा, तेच बॉनेट, रंग उडालेलं.
डोळे मिटलेले.
मग त्यांनी दोन बोटं हवेत गोल फिरवली
आणि खाली सोडली.
खात्यात, जिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे,
तिथली खूण असावी.
मला कळली नाही, म्हणून तोंडानं म्हणाले,
'पट्टा ढिला शे.'

भंगारवाला घड्याळ बघत होता.
मी घरातून बारा-चौदाचा पाना आणला,
आडवा झालो गाडीखाली,
आणि आवळून दिला.