चष्मा

शनिवारी रात्री पावणेदहाला यादगिरीला घेऊन गेले.
दोघं होते, साध्या कपड्यात.
त्यातल्या एकानं त्याला चप्पल घालू दिली.
"चौकशीला बोलवलालेत, विचारून सोडतेत की."
मी विडीची पानं कापत बसले होते.
कात्री हातातच राहिली.

कारखान्यातनं सुताचे चाळीस कोन गेलेले.
किल्ली तिघांकडं असायची.
एक शेठचा भाचा,
एक महिनाभर गावी,
उरला माझा भाऊ.

वकील बघू, मी म्हणाले.
मामा म्हणाले, काही केलंच नाही तर वकील कशाला?
वकील केला की लोक म्हणतात, असेल काहीतरी.
मग आम्ही समाजाच्या अध्यक्षांकडं गेलो,
ते लग्नाला पुण्यात.
शेठकडं गेलो. शेठ म्हणाले, मी बोलतो,
आणि बोललेही असतील, कुणाशी ते कळलं नाही.
रविवारी कोर्ट बंद, हे आमचं आम्हीच ठरवलं.

त्याच रविवारी दुपारी त्याला साहेबांपुढं उभं केलं.
वकील आहे का?
"नाही साहेब, मी काही केलंच नाही."
मामांचंच वाक्य,
घरनं बांधून नेलेल्या डब्यासारखं.
सरकारकडून देऊ का, असंही विचारलं म्हणे.
त्याला वाटलं, सरकारचा म्हणजे पोलिसांचाच.
नको म्हणाला.

बुधवारी आम्ही हत्तुरे मॅडमकडं गेलो,
कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना.
त्यानं चोरी केली का, हे त्यांनी विचारलंच नाही.
कधी नेलं?
शनिवारी.
आज?
कुणीच वार सांगितला नाही.
सह्या?
दोन कागदांवर.
वाचून केल्या?
तेव्हा मला आठवलं,
चष्मा कोनाड्यातच आहे,
आरशाच्या शेजारी, काडीला दोरा बांधलेला.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं,
काढलं,
पुन्हा लावलं.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागावर पहिल्यांदा नेलं तेव्हा
मला शिकवलं होतं यादगिरीनंच.
तार तुटली की माग थांबवायचा,
तिथंच, त्या क्षणाला.
गाठ मारायची, मग चालू.
बघू पुढं, म्हणालीस की कापड तर निघत राहतं,
आवाजही तोच,
आणि तीन टॉवेल गेल्यावर दिसतं,
मधोमध एक रेघ रिकामी.
मग शेठ विणणाऱ्याचा पगार कापतो.
तारेचा कुणी कापत नाही.

फीसाठी भिशी उचलली.
नंबर माझा नव्हता, निर्मला बोगमनं तिचा दिला.
एकोणीस दिवसांनी जामीन झाला.
आला तो न बोलता कोनाड्याकडं गेला,
चष्मा घातला,
आणि भिंतीवरचं कॅलेंडर कितीतरी वेळ वाचत बसला.
पुढं आरोपपत्र आलं, एकशे बारा पानांचं.
त्याच्या दोन सह्या छत्तिसाव्या पानावर, वाकड्या,
अंधारात मारल्यासारख्या.
मॅडम म्हणतात, लढू.
शनिवारी आला असतात तर, असं कधीच म्हणत नाहीत.
मी म्हणते, मनात,
हजार विड्या वळेपर्यंत कितीदा तरी.

तारखा पडतात. मामा हल्ली गप्प असतात.

परवा रात्री दीडला दार वाजलं.
रेहानाभाभी, डोक्यावरचा पदर निसटलेला.
"अल्ताफला नेलंय. फक्त विचारायला, म्हणाले.
सकाळी बघू का? त्यानं काही केलेलं नाही गं."
मी पाणी दिलं नाही, बस म्हणाले नाही.
मीटरखाली भिंतीवर पेन्सिलनं नंबर लिहून ठेवलाय,
तो लावला.
पलीकडं रिंग वाजत होती.
तेवढ्यात मी तिला विचारलं,
चष्मा लागतो का त्याला?