हातचा

प्रेस्टनमध्ये चारलाच अंधार पडतो.
दिवा लावून गॅसच्या बिलामागे रेघा मारते :
भाडं, मीटर, बसचा पास,
मिरजेला पाठवायचे,
आणि उरलंच तर किरकोळ, बारा पौंड.

बेरीज करताना अजून ओठ हलतात.
सात नि आठ पंधरा, हातचा एक.
हातचा विसरलीस
की सगळं गणित खोटं, म्हणायच्या कानिटकरबाई.

सहा आठवडे पाळलं.
दुकानात जायचं ते साडेसातनंतर,
पिवळी चिठ्ठी लागलेला पाव घ्यायला.
मीटरच्या किल्लीवर दहाच पौंड.
स्वेटरवर स्वेटर.

मंगळवारी कामावर पाकीट फिरलं.
मॉरीन निवृत्त होतेय,
एकतीस वर्षं त्याच जिन्याच्या पायऱ्या पुसून.
कुणी किती टाकले ते दिसत नाही म्हणे.
मला दिसत होतं.
पाचाची नोट टाकली.

आता ती लिहू कुठं?
किरकोळ म्हणवत नाही.
गॅसखाली लिहिते.
म्हणजे दोन रात्री हीटर बंद,
उशाशी गरम पाण्याची बाटली,
खिडकीवर आतून वाफ.

पुन्हा मांडते. पुन्हा पाच कमी.

विसरले नाही, बाई.
हातचा होता.
दिला.