सात नंबरचं मशीन

दहाला दार उघडतं.
साडेनऊपासूनच काचेपलीकडे वाफा दिसतात,
तोंडांच्या, कागदी पेल्यातल्या कॉफीच्या.
डुलुथमध्ये जानेवारीत कुणी कुणाला
"लवकर आलात" म्हणत नाही.

चौदा मशिनं. त्यातलं अकरावं आजारी.
त्याच्या पडद्यावर मीच चिठ्ठी चिकटवलीय,
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: लवकर बरं हो.
आता चिठ्ठी काढवत नाही.

माझं काम विचाराल तर
पासवर्ड विसरलेल्यांना धीर देणं.
आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या कुत्र्याचं नाव,
माणसं मला नाही, मशीनला सांगतात,
पण मोठ्यानं.
त्यामुळे या गावातल्या पुष्कळ मेलेल्या कुत्र्यांची
नावं मला पाठ आहेत.

प्रिंट पानाला दहा सेंट.
डार्लीन लाप्रेरी तीन पानं छापते, वीस सेंट मोजते,
आणि पर्समध्ये उगाच शोधत राहते.
तिसरं पान हिशेबाच्या वहीत
"कागद अडकला" या सदरात जातं.
आमच्याकडे कागद फार अडकतो.

पडद्यात डोकवायचं नाही, हा नियम.
म्हणून मी हात बघते.
नोकरीचा अर्ज भरणारे हात
दर दोन ओळींनी मांडीवर पुसले जातात.
पत्ते खेळणारे निवांत.
डॉक्टरांचा अहवाल वाचणारे
माउसवर असतात, आणि हलत नाहीत.

सात नंबरवर आर्वो निस्काला.
बत्तीस वर्षं धक्क्यावर खनिजाची जहाजं भरली,
दोन बोटं तिथंच राहिली.
उरलेल्या आठांपैकी एकानं टाइप करतो,
शब्द शब्द पुटपुटत.
मी काय कानात बोळे घालू?

सोमवारी त्यानं पत्र सुरू केलं.
नमनालाच घडाभर तेल:
हवा, गुडघा, शेजाऱ्याचं बर्फ उडवायचं यंत्र.
तेवढ्यात साठ मिनिटं भरली.
वेळ संपली की मशीन पाटी पुसतं,
कुणाचं काही ठेवत नाही, हेही नियमातच.
निळ्या कोऱ्या पडद्याकडे तो बघत राहिला,
दोर सोडल्यावर जहाजाकडे बघावं तसा.
म्हटलं, वेळ वाढवून देता येते.
म्हणाला, "रांगेत माणसं आहेत."

मंगळवारी हवा गळाली.
बुधवारी गुडघा आणि शेजारी.
गुरुवारी थेट "त्या दिवशी मी जे बोललो" इथवर आला,
थांबला,
टोपी घालून निघून गेला.
बावीस मिनिटं शिल्लक होती.
ती मी एका पोराला दिली,
शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती त्याची.

शुक्रवारी त्यानं हात वर केला,
वर्गात करतात तसा.
"तो शेपटी गुंडाळलेला ए कुठं असतो?"
दोनच्या डोक्यावर. मी शिफ्ट धरली,
त्यानं दोन दाबला.
एवढ्यात, नियम मोडून, मला दिसलं.
अख्ख्या आठवड्याचं पत्र आटून आटून
इतकंच उरलं होतं:

सरोवर काठापाशी गोठलंय.
तुझे स्केट्स अजून खिळ्यालाच आहेत.

"पाठवू?" त्यानं विचारलं.
अशा प्रश्नांचं आम्हाला प्रशिक्षण असतं.
"निळं बटण, खाली डावीकडे,"
एवढंच म्हणाले,
आणि प्रिंटर अडकला, या वेळी खरोखरच.

काळ्या शाईनं बरबटलेले हात घेऊन परतले
तर सात नंबर निळा, खुर्ची आत सरकवलेली.
गेलं की नाही, विचारता येत नाही.

सोमवारी साडेनऊला काचेपलीकडे त्याची टोपी.
उत्तर वाचायला आला असेल,
किंवा उत्तर नाही हे बघायला.
दोन्हीला साठच मिनिटं.

मी किल्ली फिरवली.
दहाला अजून चार मिनिटं कमी होती.