साडेतीन युरोंचे पत्ते

पत्ते स्वतः घ्यायचे नसतात म्हणे,
कुणीतरी द्यावे लागतात.
म्हणून स्काइद्रीतेसाठी
लिएपायाच्या मासळी-कारखान्यात, रात्रपाळीच्या सुट्टीत,
खवले चिकटलेल्या बोटांनी घेतले:
साडेतीन युरो, अठ्ठ्याहत्तर पत्ते, वजन शून्य.
मेलेल्यांशी बोलायचं ॲप नऊचं होतं.
ते राहू दिलं.

तिचे हात आता थरथरतात,
पिसायचं काम फोन करतो.
तरी ती आधी काचेवर फुंकर घालते,
जुन्या कॅटवर घालायची तशी.
काच धुरकटते.

पहिलाच पत्ता उलटला.
ती बघत राहिली. मग
फोन टेबलावर पालथा घातला
आणि म्हणाली,
चार्जिंग संपत आलंय.

हिरवी पट्टी मला दिसली होती,
काठोकाठ.