एकवीस माणसांचं सूप

समुद्र अजून गोठत नाही.
नोव्हेंबर सरत आला, केमीच्या बंदरात पाणी काळं, सुटं,
आणि बर्फफोडी जहाज धक्क्याला दोर बांधून उभं,
माझ्यासारखंच. खाऊनपिऊन बिनकामाचं.

त्याच्या स्वयंपाकघरासाठी मी अर्ज केलाय.

मुलाखत घेतली इलितालो नावाच्या माणसानं.
म्हणाला, जहाज कललं, पातेलं घसरलं,
तर आधी काय धराल?
म्हटलं, तोल.
तो हसला. ते हसू मी घरी आणलं
पिशवीतून अंडी आणावीत तसं, पावलं मोजत.
दोन आठवड्यांत कळवतो, म्हणाला.

पहिल्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हते.
बुटांना तेल लावलं, पडदे धुतले,
न मिळालेल्या पगाराचे तीन वाटे केले:
भाडं, दात,
आणि सान्तेरीकडे गोथेनबर्गला एक फेरी.
दातांचा वाटा जरा मोठा.
जहाजावर हसावं लागेल कधीमधी.

दुसऱ्या आठवड्यात ते हसू पुन्हा काढून पाहिलं.
हसला होता, की नुसता खोकला?
तोल म्हणायला नको होतं.
पातेलं म्हणायचं. किंवा शेगडीचं बटण.
बावन्न वर्षांची बाई तोलाचं काय सांगते,
जिला शाळेनं, जेवायला मुलंच उरली नाहीत म्हणून,
डावासकट घरी पाठवलं!

फोन वाजला. ओल्या हातानंच उचलला.
वीज स्वस्तात हवी का, विचारत होता एक पोरगा.
अडखळत होता, पहिलाच दिवस असावा.
मी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता.
त्याला तरी मिळालीय.

मग अळीमिळी गुपचिळी.
सूर्य दहानंतर येतो, दोन वाजता निघतो,
त्यालाही कुणी कायम केलेलं नाही.
देव पाण्यात घालून बसावं म्हटलं
तर पाण्याचाच भरवसा नाही:
गोठलं, तर जहाज जाईल मला न घेता.
न गोठलं, तर कुणालाच न घेता जागच्या जागी.
सकाळी खिडकीशी उभी राहून मी दोन्ही मागते.

वरच्या मजल्यावरची ओर्वोक्की म्हणाली, तूच कर की फोन.
केला.
एक गोड आवाज म्हणाला, प्रक्रिया चालू आहे.
असेल. मासा खारवतात तशी,
मीठ चोळून, वर दगड ठेवून.

गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप,
घराघरात, बराकीत, जहाजावर.
मी एकवीस माणसांचं लावलं. सराव म्हणून.
रात्री भिजवलेले वाटाणे पहाटे बादलीबाहेर डोकावत होते.
मग डबे घेऊन जिन्यात फिरले:
ओर्वोक्कीला, तिच्या बहिणीला,
खालच्या फर्तूनला आणि तिच्या चार पोरांना डुकराचं मांस न घालता वेगळं,
आणि केत्तुनेनला,
जो सात वर्षं दारातून फक्त मान हलवतो.
त्यानं उभ्याउभ्याच चमचा तोंडात घातला.
मीठ कमी, म्हणाला.
समुद्रावर जास्त लागतं.

पातेलं खरवडत होते तेव्हा फोन.
इलितालो.
मुख्य आचारी नव्हे, मदतनीस.
मार्चपर्यंत. पुढचं बर्फावर.

विचार करून सांगते, असं मी म्हणाले.
कसं म्हणाले कोण जाणे.
तेवीस दिवस मी थांबले, आता तू थांब,
तुलाही कळू दे फोन किती मोठा दिसतो टेबलावर.
खुर्ची ओढून घड्याळासमोर बसले, हाताला सुपाचा वास.

अकरा मिनिटं.
त्याहून जास्त नाही जमलं.

नंतर दिवे मालवताना खिडकीतून पाहिलं,
धक्क्यालगत पाण्यावर काहीतरी पांढुरकं,
कोमट दुधावर धरते तशी साय,
की खांबावरच्या दिव्याचाच उजेड, नीट कळेना.
पंचांगाच्या पानावर आजच्या तारखेखाली
लिहून ठेवलं फक्त:
मीठ जास्त.