हिरवा फुटवा

जुलेखा खलफे कायमची दाभोळला गेली तेव्हा
फ्रीज बारा रियालला विकला,
गादी वॉचमन मोतालिबला दिली,
आणि हे झाड माझ्या दारात ठेवून गेली
ऑलिव्ह तेलाच्या डब्यात, मला न विचारता.
नाव तिलाही ठाऊक नव्हतं.
म्हणाली, वाकडी म्हण. ऐकते.

खोड जन्मापासून तसंच:
एका पानाशी डावीकडे, पुढच्याशी उजवीकडे,
जणू चालताना दर पावलाला
कुणीतरी हाक मारतंय.
पानं हिरवी, कडा पांढऱ्या,
काही उभी अर्धी अर्धी,
एखादं नुसतंच कोरं.
जानेवारीच्या गारव्यात कडा गुलाबी होतात.
तेवढाच तिचा नट्टापट्टा.

सोहारच्या नळाला समुद्रच येतो,
मीठ काढून घेतलेला,
तरी डब्याच्या काठावर रेघ उरते.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली लावली.
जूनमध्ये ती रात्रीत भरते,
दार उघडलं की चष्मा आंधळा होतो.
ते पाणी आठवड्यातून एकदा,
तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तर.
लाड केले की मुळं कुजतात.
हे मी दोन फांद्या घालवून शिकले.

दुपारचं ऊन देऊ नये.
हिरवं सोसतं. पांढरं आधी करपतं.
हे मात्र मला शिकावं लागलं नाही.
मी जुलैतही पूर्ण बाह्यांत असते.

फांदी लावायची तर कापून आधी सावलीत ठेवायची.
चीक गळतो. दिसतो दुधासारखा,
डोळ्यात गेला तर रात्र नळाखाली जाते.
चार दिवस, पाच दिवस,
जखम सुकून कोरडी होईतो
मातीला दाखवायचीसुद्धा नाही.
आमच्या घरी एवढा दम कुणाला नव्हता.
क्रीम थापून, लांब बाह्या शिवून
बाहेर पाठवलं होतं मला चहा घेऊन.
ट्रे धरला की मनगट दिसतंच.
पाहुण्यांनी पोह्यांचं फार कौतुक केलं.

मार्चमध्ये बुडातून एक फुटवा आला,
अख्खा हिरवा. एक ठिपका नाही.
बाकीची फांदी बोटभर वाढेतो
हा वीतभर.
नर्सरीतला कुंजुमोन म्हणाला, काढून टाका मॅडम,
नाहीतर हाच सगळं झाड खाईल.
मूळ रंग परत येतो असा.

त्याच मंगळवारी डॉक्टर शमसांनी
दिव्याखाली माझा हात फिरवून पाहिला.
पांढऱ्यात तीळ टाकावेत तसे
चार तपकिरी ठिपके.
मुबारक, म्हणाल्या, मूळ रंग परत येतोय.
मी हो म्हटलं.
आईला फोन केला, ती रडली.
मग घरी येऊन कात्री शोधत बसले.

मोजे घालून तीन दिवस नुसती बाल्कनीत गेले आणि आले.
चौथ्या दिवशी कापला.
चीक टपटपला, जरा राख दाबली.
फुटवा पाच दिवस वॉशिंग मशीनवर पडून होता,
सहाव्या दिवशी खजुराच्या डब्यात लावला.
जगलाय. जोरात आहे.
दूध घेऊन येणारा पोरगा त्याच्याकडे बघत नाही,
वाकडीपाशी मात्र थांबतो,
हे रंगवलंय का, विचारतो.

पुढच्या मंगळवारची वेळ घेतलेली आहे.
रद्द केलेली नाही.

आज शमाल थांबला, धूळ बसली.
ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं,
आणि बादली उचलताना बाह्या ओल्या होऊ लागल्या
म्हणून कोपरापर्यंत दुमडल्या.
समोरच्या गच्चीवर एक म्हातारा मासे वाळत घालत होता.
त्यानं वर पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
झाडाकडे असेल.