वाचणारा माणूस

आमच्याकडे टीव्हीवर परका सिनेमा लागला
की सगळ्यांच्या वतीने एकच माणूस बोलतो.
बाई, पोर, खुनी, पाद्री,
सगळ्यांचं तोच वाचतो, एका सुरात,
गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं.
खालून मूळ आवाज पुसट येत राहतात,
शेजारच्या घरातल्या भांडणासारखे.
एल्ब्लाँगमध्ये कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पण शुक्रवारच्या पेपराबरोबर
पुठ्ठ्याच्या पाकिटातून यायच्या त्या स्वस्त डीव्हीडींवर
कधी कधी हा माणूसच नसायचा.
नुसती अक्षरं, तळाशी, पांढरी, मुंग्यांएवढी,
आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मग व्हितोल्द वाचायचा.
टर्बाइनच्या कारखान्यात जन्मभर मापं ओरडून सांगितलेला माणूस.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची वाटी.
थांब. दार लाव. पिस्तूल खाली टाक.
माझं तुझ्यावर प्रेम आहे.
सगळं एकाच पट्टीत.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
ते शेवटचं वाक्य मी त्याच्या तोंडून
फक्त दुसऱ्यांसाठी ऐकलंय.
एका हिवाळ्यात सहज तीसेक वेळा.
बी दातात अडकली
तर एखादी नायिका अर्ध्यातच गप्प व्हायची.

आमची लाडकी ती डॅनिश मालिका.
बेट, बेटावर बेकरी, बारा डिस्क.
सहावी नेहमी अडकायची.
तो ती काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचा,
मग फुंकर,
पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी.
बेकरीवाल्याची बायको मारेन मला आवडायची.
सहाव्या डिस्कवर ती शहरात जाते,
मावशी आजारी म्हणून,
आणि पुढचे चार भाग मावशी काही बरी होत नाही.
मी म्हणायचे, अरे, एकदा दाखवा तरी ती मावशी!
तो म्हणायचा,
मावशी घ्यायला पैसे उरले नसतील.

मार्चमध्ये डोळ्यांचं झालं.
आधी उजवा, मग डावा.
पट्टी निघाली, घरी आले,
तर पिवळी समजत होते ती भिंत पांढरी निघाली,
आणि व्हितोल्दच्या कानांत एवढे केस!

शनिवारी त्याने सहावी डिस्क लावली.
पुसली, फुंकली, लावली.
मारेन पेटी भरत होती.
तिचा कोट निळा होता,
इतकी वर्षं मी त्याला करडा म्हणत होते.
नवऱ्याकडे न बघता ती काहीतरी बोलली
आणि खाली मुंग्या उमटल्या, एकेक वेगळी, पायांसकट:
मी दुसऱ्या कुणाकडे चाललेय.
परत येईन की नाही, मला माहीत नाही.

व्हितोल्दने एक बी सोलली. वाचलं:
मावशीला बरं नाही. जाऊन येते.

रेडिएटर दोनदा खडखडला.
पडद्यावर बोट सुटली, वारा, पांढरे पक्षी.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात
मी अकरा दिवस तोरुनला होते.
मावशीला बरं नाही, म्हणून सांगितलं होतं.
तोरुनला मला मावशी नव्हती.
परत आले तेव्हा तो स्वयंपाकघरात
बटाटे सोलत होता, साली फारच जाड काढत.
मान वर न करता विचारलं, कशी आहे मावशी?
मी म्हटलं, बरी.
त्याने दोन बटाटे जास्त घेतले.
तेवढंच.

आता बोट लहान झाली होती.
बेकरीवाला पीठ मळत होता, तोंडातून शब्द नाही,
त्यामुळे व्हितोल्दलाही काम नव्हतं.
त्याने वाटी माझ्याकडे सरकवली.
काय गं लुत्सिना, विचारलं,
दिसतात का आता अक्षरं?

मी डोळे बारीक केले,
पूर्वी करायचे तसे.
छे, म्हटलं, मुंग्याच अजून.
तू वाच.